कंटाळलेला कोण आणि कंटाळवाणा कोण: इंडोनेशियन विद्यार्थ्यांची इंग्रजी विशेषणं

जकार्ता असो, बांडुंग असो की सुराबाया, विकाऊ घराच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहिलेला दिसतो: दिजुआल. आपल्याकडच्या ‘विकणे आहे’चा हा सख्खा भाऊ. ‘जुआल’ म्हणजे विकणं, आणि आधी जोडलेला ‘दि’ कर्मणी प्रयोग करतो. शब्दशः अर्थ झाला ‘विकलं जातं’. आता हीच पाटी इंग्रजीत करायला सांगितली, तर शाळेत कर्मणी प्रयोग नीट शिकलेला मुलगा बेधडक लिहील, ‘धिस हाउस इज सोल्ड’. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. अर्थ मात्र बरोबर उलटा झाला. गिऱ्हाईक पाटी वाचेल, ‘गेलं वाटतं घर’ म्हणेल आणि पुढच्या गल्लीत वळेल.

ही ढ मुलाची चूक नाही, अभ्यास केलेल्या मुलाची आहे. त्याच्या भाषेत ‘दि’ एवढंच सांगतो की घरावर विकण्याची क्रिया होते. ती झाली, होते आहे की व्हायची आहे, याबद्दल ‘दि’ गप्प असतो. झालेल्या गोष्टीसाठी इंडोनेशियनमध्ये दुसरा प्रत्यय आहे, ‘तेर’. ‘तेरजुआल’ म्हणजे विकलं गेलेलं. ‘हाबिस तेरजुआल’ म्हणजे सगळं विकून संपलं, तिकिटं शिल्लक नाहीत. इंग्रजी ‘सोल्ड’ विशेषणासारखं वापरलं की ते ‘तेर’च्या बाजूला पडतं, ‘दि’च्या नाही. ब्रोकन, रिटन, क्लोज्ड, स्टोलन ही सगळी मंडळी क्रिया उरकल्यानंतर वस्तूची जी अवस्था राहते, ती सांगतात.

क्रियापदापासून विशेषण बनवताना इंग्रजी बोलणाऱ्याला दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. मी ज्याच्याबद्दल बोलतोय तो क्रिया करणारा आहे की क्रिया सोसणारा? आणि क्रिया चालू आहे की संपली? मराठीतही आपण हे ठरवतोच: ‘-णारा’, ‘-ता’ एका बाजूला आणि ‘-लेला’ दुसऱ्या. इंडोनेशियन भाषा हे प्रश्न टाळते असं नाही. ती ते भलत्याच ठिकाणी विचारते, आणि पुष्कळदा विचारतच नाही. बहुतेक चुका या फटीतून आत येतात.

उच्चारांबद्दल एक सूचना. इंडोनेशियन ‘मे’, ‘तेर’, ‘बेर’ हे उपसर्ग मी स्पेलिंगप्रमाणे लिहितोय. बोलताना त्यांतला ए इतका पुसट होतो की कानाला मराठी अ वाटावा. बाकी ही भाषा आपल्याला तितकी परकी नाही. तिचं नावच ‘बहासा’, म्हणजे आपली भाषा. तिथे शब्दाला ‘काता’ म्हणतात, तो आपल्या कथेवरून आला, आणि कामाला ‘केर्जा’ म्हणतात, तो कार्यावरून. म्हणून क्रियापदाचं नाव ‘काता केर्जा’. विशेषणाला मात्र ‘काता सिफात’ म्हणतात, त्यातला सिफात अरबी.

स्वयंपाकघरातलं व्याकरण

इंडोनेशियाच्या बाहेर सगळ्यात जास्त माहीत असलेला इंडोनेशियन शब्द बहुधा ‘नासी गोरेंग’ असावा. नासी म्हणजे भात आणि गोरेंग म्हणजे तळ, परत. परतलेला नाही, नुसतंच परत. ना मागे प्रत्यय, ना पुढे. ‘आयाम बाकार’ म्हणजे कोंबडी भाज, ‘तेलुर रेबुस’ म्हणजे अंडं उकड. धातू जसाच्या तसा नामामागे उभा केला की विशेषण तयार. इंग्रजीला हे चालत नाही. तिथे फ्राइड राइस, ग्रिल्ड चिकन, बॉइल्ड एग असा प्रत्यय लावूनच ताट वाढावं लागतं. मग इंडोनेशियन मेन्यूकार्डावर ‘फ्राय राइस’ आलं की परदेशी पाहुणा हसतो.

आपण हसू नये. ‘दाल फ्राय’, ‘सुरमई फ्राय’, ‘रोस्ट पापड’ हे आपल्या मेन्यूकार्डावर पिढ्यान्‌पिढ्या नांदतं आहे आणि कोळंबी फ्रायची चव त्यामुळे बिघडलेली नाही. इंग्रजांनी तरी कुठे सोवळं पाळलं? आइसक्रीम हे मुळात ‘आइस्ड क्रीम’ होतं. बोलता बोलता शेवटचा ड गळाला आणि कुणाला चुकचुकलंही नाही. अमेरिकेत ‘स्किम्ड मिल्क’चं ‘स्किम मिल्क’ झालं. म्हणजे धातू नुसताच लावण्याची ओढ सगळीकडे आहे. फरक इतकाच की इंग्रजीत तो अपवाद आहे आणि इंडोनेशियनमध्ये नियम.

गंमत पुढे आहे. ‘आइर मिनुम’ म्हणजे पिण्याचं पाणी. (इंडोनेशियनमध्ये पाण्याला आइर म्हणतात आणि त्याचं स्पेलिंग थेट इंग्रजीतल्या हवेचं; नव्या माणसाची पहिली फजिती इथेच.) ‘मेसिन चुची’ म्हणजे धुण्याचं यंत्र, ‘कोलाम रेनांग’ म्हणजे पोहण्याचा तलाव, ‘रुआंग तुंगू’ म्हणजे थांबण्याची खोली, ‘ओबात तिदुर’ म्हणजे झोपेचं औषध. बांधणी हुबेहूब नासी गोरेंगसारखी: नाम आणि त्यामागे उघडा धातू. पण इंग्रजीत इथे ‘-एड’ लावून चालणार नाही. ड्रिंकिंग वॉटर, वॉशिंग मशीन, स्विमिंग पूल, वेटिंग रूम, स्लीपिंग पिल. भाताला ‘-एड’ आणि यंत्राला ‘-इंग’ का, हे मुलाला त्याच्या भाषेतून कळायला वावच नाही, कारण त्याच्या भाषेने दोघांना एकच सदरा शिवला आहे.

मराठी माणसाला ते सहज कळतं. एक ‘परतलेला भात’ आहे, दुसरं ‘धुण्याचं यंत्र’. भातावर क्रिया झाली. यंत्र क्रियेसाठी ठेवलं आहे. ‘-लेला’ बसत असेल तिथे ‘-एड’, ‘-ण्याचा’ बसत असेल तिथे ‘-इंग’.

पण हे ‘-इंग’ म्हणजे एकच प्रकरण नव्हे. ‘स्लीपिंग बेबी’ म्हणजे झोपलेलं बाळ, आणि ‘स्लीपिंग पिल’ म्हणजे झोपेची गोळी. गोळी काही झोपत नाही. जुन्या इंग्रजीत यासाठी दोन वेगळे प्रत्यय होते. क्रिया करणाऱ्यासाठी ‘-एंडे’ आणि क्रियेचं नाम करण्यासाठी ‘-उंग’ किंवा ‘-इंग’. मध्ययुगात दोन्ही घासून घासून एकाच रूपाला आले. आज लिहिताना फरक दिसत नाही, बोलताना मात्र अजून ऐकू येतो: स्लीपिंग पिलमध्ये सगळा जोर पहिल्या शब्दावर पडतो, स्लीपिंग बेबीमध्ये बेबीलाही तितकाच मिळतो. पुस्तकं हे सहसा सांगत नाहीत. सांगायला हवं, कारण कान तयार झाला की निम्मा गोंधळ मिटतो.

झोपलेल्या बाळापाशी मराठी माणूसही अडखळतो. आपण ‘झोपलेलं’ म्हणतो, ‘बसलेला’ म्हणतो, आणि हा ‘-लेला’ इंग्रजीत जसाच्या तसा नेला तर ‘स्लेप्ट बेबी’ होतं. बाळ झोपेत शिरलं, ती क्रिया संपली आणि आता ते त्या अवस्थेत आहे, असा आपला हिशोब. इंग्रजी म्हणते, अजून झोप चालू आहे ना, मग स्लीपिंग. या बाबतीत इंडोनेशियन विद्यार्थी आपल्यापेक्षा सुखी. त्याच्याकडे ‘सेदांग’ हा शब्द आहे, म्हणजे क्रिया चालू असणं, आणि ‘सुदाह’ आहे, म्हणजे होऊन जाणं. ‘बाळ, जे सेदांग तिदुर’ असं तो म्हणतो आणि सरळ स्लीपिंगवर पोचतो. ‘गुरू, जे सुदाह पेन्सिउन’ म्हणजे रिटायर्ड टीचर. ‘पानं, जी सुदाह गुगुर’ म्हणजे फॉलन लीव्ह्ज. सेदांग असेल तर ‘-इंग’, सुदाह असेल तर ‘-एड’ किंवा त्याचं अनियमित रूप. उकळत्या आणि उकळलेल्या पाण्यालाही हाच न्याय. ‘आइर मेंदिदिह’ म्हणजे बॉइलिंग वॉटर, त्यात चहा टाकायचा. ‘आइर मातांग’ म्हणजे बॉइल्ड वॉटर, ते गार करून प्यायचं. मातांग हा शब्द पिकलेल्या आंब्यालाही लावतात. पिकलेलं पाणी! बॉइलिंग आणि बॉइल्डची गल्लत कागदावर एका गुणाची असते, पेल्यात जीभ भाजण्याची.

दुकानाची पाटी हे आणखी एक छोटं दुखणं. तिथे दारावर ‘बुका’ नाहीतर ‘तुतुप’ लिहिलेलं असतं, दोन्ही नुसते धातू: उघड, बंद कर. इंग्रजीत या जोडीत विषमता आहे. ‘ओपन’ हे आधीपासून विशेषण आहे म्हणून त्याला काही लावायचं नाही, ‘क्लोज्ड’ला मात्र ‘-एड’ हवाच. नियमाला धरून चालणारा ‘ओपन्ड’ लिहितो, धातूला धरून चालणारा ‘क्लोज’. दुसऱ्या प्रकारची पाटी आपल्याही बाजारपेठांत जागोजागी लटकलेली असते.

वाटणारा आणि वाटायला लावणारा

सेदांग-सुदाहचा नियम मुलांना आवडतो, कारण तो चालतो. चालतो तो मनाच्या दारापर्यंत. तिथे तो असा काही तोंडघशी पाडतो की विचारू नका.

‘साया सेदांग बोसान’ म्हणजे मला आत्ता कंटाळा आलाय. बोसान म्हणजे कंटाळलेला. सेदांग आहे, म्हणजे ‘-इंग’. झालं: ‘आय अ‍ॅम बोअरिंग’. बिचाऱ्याने आपल्या कंटाळ्याची तक्रार केली आणि समोरच्याला ऐकू आलं, ‘मी फार कंटाळवाणा माणूस आहे.’ चूक घट्ट बसायला आणखी एक कारण आहे. ‘-इंग’शी त्याची पहिली ओळख ‘आय अ‍ॅम ईटिंग’, ‘आय अ‍ॅम रीडिंग’ अशा वाक्यांतून झालेली असते. ‘आय अ‍ॅम’च्या मागे ‘-इंग’ येतो हे डोक्यात पक्कं. मग बोअरिंग का नाही?

याचं उत्तर प्रत्ययात नाही, धातूत आहे. इंग्रजीत ‘बोअर’ हे क्रियापद कंटाळणाऱ्याचं नाहीच. ते कंटाळा आणणाऱ्याचं आहे. व्याख्यान बोअर करतं, माणूस बोअर्ड होतो. सरप्राइज, टायर, कन्फ्यूज, डिसअपॉइंट, एम्बरस, इंटरेस्ट, सगळ्यांची हीच तऱ्हा. इंग्रजीत कर्ता बाहेरचा असतो आणि मन सोसणारं. म्हणून भावना सांगायला ‘-एड’ लागतो, जणू त्या माणसावर काही केलं गेलं आहे.

इंडोनेशियन उलट टोकाला उभी आहे. तिथे धातू हीच भावना: बोसान कंटाळलेला, लेलाह थकलेला, बिंगुंग गोंधळलेला, केचेवा निराश झालेला, पुआस समाधान पावलेला. त्याला काही जोडावं लागत नाही, ‘आहे’सुद्धा लागत नाही, ‘साया बोसान’ म्हटलं की वाक्य पुरं. जोडावं लागतं ते कारणाला. पुढे ‘मे’, मागे ‘कान’: मेम्बोसानकान म्हणजे कंटाळवाणं, मेलेलाहकान थकवणारं, मेम्बिंगुंगकान गोंधळात टाकणारं, मेंगेचेवाकान निराश करणारं.

मराठी इथे कुणाच्या बाजूने? इंडोनेशियनच्या. आपणही थकणे या अनुभवापासून निघतो आणि कारण सांगायला प्रयोजक रूप करतो: थकवणे, घाबरवणे, दमवणे. लेलाह आणि मेलेलाहकान यांच्यात जे अंतर आहे, तेच थकलेला आणि थकवणारा यांच्यात. आपल्या ‘व’चं काम तिथे मे आणि कान मिळून करतात. त्यामुळे ही भानगड मराठी शिक्षकाला इंग्रज शिक्षकापेक्षा लवकर समजावी, असं माझं मत आहे.

समजावी, पण पाळता येईलच असं नाही. आपण इंग्रजीतून ‘बोअर’ उचलला तेव्हा त्याचं काय केलं बघा. ‘लेक्चर बोअर होतं’, ‘मी बोअर झालो’, ‘उगाच बोअर मारू नकोस’. व्याख्यानही बोअर, श्रोताही बोअर. करणारा-सोसणारा हा सगळा भेदच आपण खिडकीबाहेर फेकला आणि आपलं काही अडलं नाही, कारण ‘होतं’ आणि ‘झालो’ ही आपली क्रियापदं भार वाहतात.

इंडोनेशियन विद्यार्थ्यावर ‘आहे’चाही भार असतो. ‘साया बोसान’पासून ‘आय अ‍ॅम बोअर्ड’पर्यंत जायला त्याला दोन गोष्टी जोडायच्या असतात, अ‍ॅम आणि ‘-एड’. घाईत एक जोडली जाते, दुसरी राहते. म्हणून कधी ‘आय बोअर्ड’, कधी ‘आय अ‍ॅम बोअर’. वहीतल्या या दोन चुका वेगवेगळ्या दिसतात, पण रोग एकच.

भावनांचं दुसरं एक घराणं आहे, ते ‘तेर’चं, आणि तिथे गाडी रुळावरून चालते. ‘तारिक’ म्हणजे ओढणं. दरवाजावर ‘ओढा’च्या जागी तारिक लिहिलेलं असतं. त्यावरून मेनारिक म्हणजे ओढणारं, म्हणजेच इंटरेस्टिंग. आणि तेरतारिक म्हणजे ओढला गेलेला, म्हणजेच इंटरेस्टेड. मे असेल तर ‘-इंग’, तेर असेल तर ‘-एड’, इतकं सरळ. मेंगेजुत्कान सरप्राइझिंग, तेरकेजुत सरप्राइज्ड. आणि हा ओढण्याचा रूपकालंकार फक्त इंडोनेशियनचा नाही. आपल्या ‘आकर्षक’मध्ये संस्कृतचा कृष्‌ धातू आहे, त्याचाही अर्थ ओढणं. इंग्रजी ‘अ‍ॅट्रॅक्टिव्ह’च्या पोटात लॅटिनचं ‘त्राहेरे’ आहे, तेही ओढणंच. घराण्यातला आणखी एक शब्द मला फार आवडतो: तेरसिंगुंग. ‘सिंगुंग’ म्हणजे निसटता स्पर्श, आणि तेरसिंगुंग म्हणजे ज्याचं मन दुखावलं तो, इंग्रजीतला ऑफेंडेड. आपण काय म्हणतो? ‘त्याचं बोलणं मनाला लागलं.’

म्हणजे इंडोनेशियन मुलासाठी कामाला येणारी युक्ती अशी: इंग्रजी शब्द शोधण्याआधी स्वतःच्या भाषेत तो शब्द कसा दिसतो ते बघ. मे लागला असेल तर ‘-इंग’. नुसता धातू किंवा तेर असेल तर ‘-एड’. सेदांगकडे बघूच नकोस. दहातल्या आठ जागी निभावेल.

उरलेल्या दोन जागी इंग्रजीचा स्वभाव आडवा येतो. ‘मेंगेसानकान’ म्हणजे छाप पाडणारं. युक्तीप्रमाणे ‘इम्प्रेसिंग’ व्हायला हवं. इंग्रजीत म्हणतात इम्प्रेसिव्ह. डिलाइटेड आहे, पण त्याची जोडीदार डिलाइटिंग नाही, डिलाइटफुल. स्ट्रेस्ड माणूस, पण स्ट्रेसफुल नोकरी. ऑफेंडेड माणूस, ऑफेन्सिव्ह विनोद. स्केअर्ड मूल, स्केअरी गोष्ट. ‘-इंग’ची जागा आधीच ‘-इव्ह’, ‘-फुल’ किंवा ‘-ई’ने बळकावलेली. याला नियम नाही. गावात कोणत्या घरात कोण राहतं हे जसं राहूनच कळतं, तसं हे कळतं. शिक्षकाने नियम असल्याचा आव आणू नये, इतकंच.

एका ‘टायर’ धातूतून चार घरं झाली आहेत. टायर्ड थकलेला, टायरिंग थकवणारा, टायरलेस न थकणारा, आणि टायरसम म्हणजे ज्याने जीव विटतो असा, कटकटीचा. सकाळचा डोंगर चढणं टायरिंग असतं, टायरसम नसतं. तीच ती तक्रार रोज ऐकवणारा शेजारी टायरसम. टायरलेससाठी इंडोनेशियनमध्ये प्रत्ययाऐवजी अख्खी म्हणच आहे: ‘ताक केनाल लेलाह’, थकव्याशी ओळख नसलेला.

कानाने केलेला घात

व्याकरण सगळं समजलं तरी ‘-एड’ वहीतून गळतच राहतो, आणि त्याचं कारण डोक्यात नसून कानात असतं. अस्सल इंडोनेशियन शब्दांच्या शेवटी दोन व्यंजनं एकत्र येत नाहीत. शिवाय शब्दाच्या शेवटचा ड किंवा ब तिथे कठोर होतो: शतकाला ‘आबाद’ लिहितात आणि ‘आबात’ म्हणतात, तोही त अर्धवट, जिभेवरच अडवलेला. अशा कानाला ‘बोअर्ड’ मधला ड ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही ते लिहिलं जात नाही.

इंग्रजी ‘-एड’चे उच्चार तीन आहेत. वॉश्ट, कूक्ट यांत तो ट होतो, बोअर्ड, फ्राइड यांत ड राहतो, आणि धातूच ट किंवा डने संपला तरच एड असा वेगळा सूर लागतो, जसं एक्सायटेड. एक्सायटेडचा ‘-एड’ कुणी विसरत नाही, कारण तो ऐकू येतो, बोअर्डचा विसरतात. याला एक मजेशीर अपवाद आहे. ‘लर्नेड’ म्हणजे विद्वान, ‘ब्लेसेड’ म्हणजे धन्य, ही जुनी विशेषणं पूर्ण सूर लावून उच्चारतात. तेच क्रियापद म्हणून आले की लर्न्ड आणि ब्लेस्ट.

करता येण्याजोगं

‘-एबल’बद्दल थोडक्यात, कारण इथे फारसं दुखत नाही. इंडोनेशियनमध्ये ‘बिसा’ म्हणजे शक्य असणं, आणि त्याला दि जोडलेला धातू दिला की काम होतं: बिसा दिचुची म्हणजे धुता येण्याजोगं, वॉशेबल. बिसा दिमिनुम, पिण्याजोगं, ड्रिंकेबल. या बिसाचा एक जुळा आहे, त्याचा अर्थ सापाचं विष. तो आपल्या ‘विष’ वरूनच तिकडे गेला. आपल्याकडे ‘-ण्याजोगा’ आहे, संस्कृतातून आलेला ‘-नीय’ आहे, आणि ‘टिकाऊ’तला ऊ आहे. ‘-इबल’ने संपणारे व्हिजिबल, एडिबल, ऑडिबल हे लॅटिनमधून तयार होऊनच आले, त्यांच्या पोटात इंग्रजी क्रियापद शोधू नये, सापडणार नाही. नकार मात्र तेरने होतो: ‘ताक तेरलुपाकान’ म्हणजे न विसरता येण्याजोगं. आपलं ‘वाचवत नाही’, ‘पाहवत नाही’ हे शक्य क्रियापदही नकारातच जास्त रमतं, तसंच काहीसं.

एक सापळा दोन्ही देशांत सारखा. टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ‘इन’ म्हणजे नकार असं शिकलेल्या मुलाला वाटेल, हा न पेटणारा. प्रत्यक्षात इन्फ्लेमेबल आणि फ्लेमेबल दोन्हींचा अर्थ पेटणाराच. इथला ‘इन’ लॅटिन क्रियापदाचा भाग आहे, नकार नाही. इंडोनेशियन सरळ सांगते, ‘मुदाह तेरबाकार’: सहज जळणारं. आयाम बाकारमधला बाकार तो हाच.

तीन ज्वालामुखी

इंडोनेशियन मुलाला भूगोलात ज्वालामुखी शिकवावाच लागत नाही. मेरापी किंवा सेमेरू क्षितिजावर धुमसत असतो. ज्वालामुखीला ते ‘गुनुंग बेरापी’ म्हणतात: गुनुंग म्हणजे डोंगर, आपी म्हणजे आग, आणि बेर म्हणजे जवळ असणं. आगवाला डोंगर. हा बेर नामांना लागतो, इंग्रजीत ‘बिअर्डेड’, ‘टॅलेंटेड’मध्ये नामाला ‘-एड’ लागतो तसा, त्यामुळे ही जोडी आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेरची. तरी एक सांगतोच. ‘उआंग’ म्हणजे पैसा, म्हणून बेरुआंग म्हणजे पैसेवाला. आणि अस्वलालाही बेरुआंगच म्हणतात.

इंग्रजीत ज्वालामुखीचे तीन प्रकार सांगतात: अ‍ॅक्टिव्ह, डॉर्मंट, एक्स्टिंक्ट. तिन्ही विशेषणं क्रियापदांतून आलेली आहेत, फक्त ती क्रियापदं इंग्रजी नाहीत. अ‍ॅक्टिव्हमागे लॅटिन ‘आगेरे’ म्हणजे करणं. डॉर्मंट हे फ्रेंच ‘दोर्मीर’चं, म्हणजे झोपण्याचं, चालू रूप, शब्दशः ‘झोपत असलेला’. एक्स्टिंक्ट हे लॅटिन ‘विझवणं’चं पूर्ण झालेलं रूप, ‘विझवलेला’. म्हणजे डॉर्मंटमधला ‘-अंट’ हा ‘-इंग’चा परदेशी भाऊ आणि एक्स्टिंक्टमधला ‘-क्ट’ हा ‘-एड’चा. करणारा-सोसणारा, चालू-संपलेलं हा तोच जुना हिशोब, फक्त उसन्या कपड्यांत. आपली पाठ्यपुस्तकं जागृत, निद्रिस्त, मृत म्हणतात. इंडोनेशियनमध्ये पहिल्यासाठी उसना ‘आक्तिफ’, आणि पुढे पुन्हा तेच उघडे धातू: तिदुर, झोप, माती, मर.

लाजलेली, लाजाळू, लाजिरवाणी

‘मालू’ म्हणजे लाजणं. नुसता मालू म्हणजे लाजलेला, ओशाळलेला. मेमालुकान म्हणजे लाज आणणारं. आणि ‘पे’ लावून पेमालू, म्हणजे ज्याचा स्वभावच लाजण्याचा आहे तो. हा पे मुळात करणारा दाखवतो. लिहिणारा तो पेनुलिस. पण भावनेला लागला की सवय दाखवतो. ‘तिच्यावर आत्ता ही पाळी आली’ आणि ‘ती आहेच तशी’ यांत इंडोनेशियन काटेकोर फरक करते. ताकुत म्हणजे घाबरलेला, पेनाकुत म्हणजे घाबरट. लुपा म्हणजे विसरणं, पेलुपा म्हणजे विसराळू.

मराठी वाचकाला यात शिकवण्यासारखं काहीच नाही. लाजलेली, लाजाळू, लाजिरवाणी: एक अवस्था, एक स्वभाव, एक कारण. घाबरलेला, घाबरट, घाबरवणारा. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता सारखेच तीन खण पाडले आहेत. इंग्रजीत हे तीन खण एका कपाटात मिळत नाहीत. एम्बरस्ड आणि एम्बरसिंग एका धातूचे, पण स्वभावाला उठून ‘शाय’कडे जावं लागतं, आणि शायचा एम्बरसशी काही संबंध नाही. विसराळूला ‘फरगेटफुल’ मिळतं, बडबड्याला ‘टॉकेटिव्ह’, भित्र्याला थेट ‘टिमिड’. इंडोनेशियन विद्यार्थी एम्बरस्डला पेमालूच्या जागी वापरतो, ‘माय सिस्टर इज ॲन एम्बरस्ड गर्ल’, तेव्हा तो आपल्या भाषेतला तिसरा खण चाचपत असतो. त्याला शाय हा शब्द माहीत नसतो असं नाही. एका धातूतून दोन निघाले, तर तिसराही निघेल असा त्याला भरवसा असतो.

हात लावला की पानं मिटणारं झुडूप आपल्याकडे रस्त्याकडेला उगवतं, तिकडेही उगवतं. मूळचं ते दोन्हीकडचं नाही, अमेरिका खंडातून आलेलं आहे. आपण त्याला लाजाळू म्हणतो. इंडोनेशियात ते ‘पुत्री मालू’, लाजणारी राजकन्या, आणि यातली पुत्री आपलीच. इंग्रजीत त्याची नावं दोन: ‘सेन्सिटिव्ह प्लांट’, म्हणजे पुन्हा लॅटिन क्रियापदाला लावलेला ‘-इव्ह’, आणि दुसरं ‘टच-मी-नॉट’, जिथे विशेषण घडवायचा खटाटोपच सोडून दिला आहे आणि झुडूप स्वतःच आज्ञार्थात बोलतं.